भावनांचे इंग्रजी शब्द कोणाच्या तासाला?

‘करमत नाही’ या साध्या मराठी विधानाला इंग्रजीत काय म्हणावे, असा प्रश्न आम्ही पदवीच्या वर्गांत अधूनमधून विचारतो. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोणी ‘आय ॲम बोअर्ड’ म्हणते, कोणी ‘आय ॲम सॅड’, एखादा वाचणारा विद्यार्थी ‘होमसिक’ हा शब्द काढतो. तिन्ही उत्तरांत काही तथ्य आहे; पुरे पडत नाही मात्र एकही. कंटाळा कामाचा येतो, व्याख्यानाचा येतो. करमत नाही ते माणसावाचून, जागेवाचून. दुःखाला सहसा सांगता येईल असे कारण असते. न करमण्याला कारण विचारले तर माणूस गप्प बसतो. ‘होमसिक’ व्हायला घराबाहेर असावे लागते; लेक सासरी गेल्यावर आईला तर स्वतःच्याच घरात करमत नाही. गंमत अशी की हे क्रियापद बहुतेक वेळा नकारात किंवा प्रश्नातच भेटते. ‘आता करमतंय का?’ असे आपण नव्या जागी गेलेल्याला विचारतो, पण ‘मला फार करमते आहे’ असे क्वचितच कोणी म्हणते. त्याच्या नामाची वाट तर वेगळीच झाली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले तेव्हा त्याला ‘करमणूक’ हे नाव दिले, आणि आज करमणूक म्हणजे मनोरंजन एवढाच अर्थ आपल्यापाशी उरला आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर आम्ही त्यावर लेख लिहिला नसता. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत शिकवणाऱ्यांना ‘करमत नाही’ हे विधान फार गंभीरपणे घ्यावे लागते. हा आश्रमशाळांचा आणि वसतिगृहांचा मुलूख आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबांतील मुले सहा-सात वर्षांची असताना घर सोडून शाळेत राहायला येतात. कातकरी पालकांपैकी अनेक जण दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात मुलाने ज्या घराची आठवण काढायची ते घरही जागेवर नसते. अशा मुलाने ‘करमत नाही’ म्हटले आणि ऐकणाऱ्याने त्याचे मनातल्या मनात ‘कंटाळा आला’ असे भाषांतर केले, तर शेऱ्याच्या रकान्यात ‘अभ्यासात रस नाही’ असे उतरायला वेळ लागत नाही. एका शब्दाचे चुकीचे भाषांतर हे अशा वेळी एका मुलाचे चुकीचे मूल्यमापन होऊन बसते.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्हाला एक मागणी मांडायची आहे. ती ऐकायला उफराटी वाटेल. इंग्रजीतील भावनावाचक शब्द शिकवण्याचे काम मराठीच्या तासाला, मराठीच्या अध्यापकांनी अंगावर घ्यावे. इंग्रजी विभागावर अविश्वास म्हणून आम्ही हे म्हणत नाही. ज्याला हेवा आणि मत्सर यांतला फरक सांगता येत नाही, त्याला ‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’ यांतला फरक पाठ करता येईल, समजणार मात्र नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम परिस्थिती पाहू. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. आमच्या पिढीला मराठी माध्यमात ती भाषा पाचवीत भेटली. आमच्या विद्यार्थ्यांना ती अक्षरओळखीबरोबरच भेटली. तरीही पदवीला आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत आपल्या मनाची अवस्था सांगायला लावली, तर ‘हॅपी’, ‘सॅड’, ‘अँग्री’ आणि ‘बोअर’ या चार खुंट्यांवर सारे आयुष्य टांगले जाते. याचे कारण शब्दांचा अभाव हे नव्हे. शब्दार्थांच्या याद्या त्यांनी भरपूर पाठ केलेल्या असतात. त्यांच्या बाबतीत भावना दोनदा भाषांतरित होते, हे खरे कारण. घरात ठाकरी, कातकरी किंवा कुणबी-आगरी घरांतली बोली. शाळेत पाठ्यपुस्तकाची मराठी. आणि तिच्यावर इंग्रजी. पहिल्या पायरीवर ‘असे बोलू नये, असे म्हणावे’ या शिस्तीत घरचा शब्द गळतो. दुसऱ्या पायरीवर पुस्तकी मराठी शब्दाला एकच इंग्रजी प्रतिशब्द चिकटवला जातो. दोन्ही गाळण्यांतून जे खाली पडते तेवढेच त्याने इंग्रजीत बोलायचे.

परकी भाषा शिकताना भावनांपाशी अडखळणे हे काही आपल्याच वाट्याला आलेले नाही. फ्रेंच भाषकांचे उदाहरण बोलके आहे. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीने फ्रेंचमधून असंख्य शब्द उचलले, आणि ‘जॉय’, ‘ग्रीफ’, ‘रेज’, ‘पिटी’, फार काय, ‘इमोशन’ हा शब्दसुद्धा त्याच वाटेने आला. तेव्हा फ्रेंच माणसाला इंग्रजीतल्या भावना सोप्या जाव्यात. प्रत्यक्षात हेच ओळखीचे चेहरे त्याला फसवतात. फ्रेंचमधील ‘देसेप्सियाँ’ म्हणजे अपेक्षाभंग, इंग्रजीतील ‘डिसेप्शन’ म्हणजे फसवणूक. फ्रेंच ‘साँसिब्ल’ म्हणजे हळवा, इंग्रजी ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस. शिवाय रचना उलटी. इंग्रज ‘आय मिस यू’ म्हणतो तेव्हा कर्ता तो स्वतः असतो. फ्रेंच माणूस ‘त्यू म माँक’ म्हणतो, म्हणजे उणीव भासवणारा कर्ता समोरचा, आणि ती ज्याला भासते तो नुसता सोसणारा. आपले ‘मला तुझी आठवण येते’ हे या बाबतीत इंग्रजीपेक्षा फ्रेंचच्या जवळचे आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना मौज वाटते.

आपल्या विद्यार्थ्याला असे फसवे सोबती इंग्रजीत फारसे भेटत नाहीत. ते भेटतात हिंदीत आणि संस्कृतात. हिंदी भाषकाला देशाचा ‘गर्व’ असतो आणि ‘अभिमान’ हा त्याच्या लेखी पुष्कळदा अहंकाराच्या जवळ जातो. मराठीत नेमके उलट आहे. अभिमान बाळगावा, आणि गर्वाचे घर खाली. दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांच्या द्वारे हिंदी रोज कानांवर पडत असल्याने आता ‘मला माझ्या गावाचा गर्व आहे’ हे वाक्य निबंधांत सर्रास येते. हिंदीतला ‘संताप’ म्हणजे मनस्ताप, मराठीतला संताप म्हणजे भडकलेला राग. आणि ‘राग’? संस्कृतात तो रंग आहे, आसक्ती आहे. मराठीत तो क्रोध झाला. त्यामुळे ‘रागद्वेष’ हा जोडशब्द संतसाहित्याच्या विवेचनात आला की विद्यार्थी त्याचा अर्थ ‘चीड आणि तिरस्कार’ असा लावतात. मूळ अर्थ ‘आसक्ती आणि तिरस्कार’, म्हणजे परस्परविरुद्ध टोकांची जोडी, हे त्यांना सांगावे लागते. ज्याला आपल्याच दोन-तीन भाषांत भावनांचे शब्द कसे कूस बदलतात हे दिसले, त्याला इंग्रजीत ते तसे बदलतील याचे नवल वाटत नाही. ही तयारी इंग्रजीच्या तासाला होऊ शकत नाही.

शब्दांपेक्षाही अवघड गाठ वाक्यरचनेची आहे. मराठीत भावना आपल्याकडे येतात. राग येतो, रडू कोसळते, भीती वाटते, आनंद होतो, लाज वाटते. माणूस चतुर्थीत बसून पाहुण्याची वाट पाहत असावा तसा. राग येतो तसा तो जातोही. इंग्रजीत मात्र ‘मी रागीट आहे’ असे वाटावे अशा थाटाचे ‘आय ॲम अँग्री’ हे वाक्य असते. भावना आणि माणूस यांच्यामध्ये ‘आहे’चा पूल टाकलेला. विद्यार्थी ‘अँगर केम टू मी’ लिहितो आणि त्यावर तांबडी रेघ पडते. रेघ योग्यच आहे, पण तो असे का लिहितो हे त्याला कोणी सांगत नाही. अर्थात मराठीतही ‘मी रागावलो’, ‘मी घाबरलो’ अशी रचना आहेच. इथे भेद सूक्ष्म आहे. राग आला तरी तो गिळता येतो. रागावणे मात्र दिसते, ऐकू येते. ‘सर माझ्यावर रागावले’ यात सरांच्या मनःस्थितीपेक्षा त्यांनी केलेली कानउघाडणीच अधिक असते, आणि त्याचे इंग्रजी ‘अँग्री’ने होत नाही, ओरडण्याच्या क्रियापदाने होते. ‘आय ॲम बोरिंग’ हे आणखी एक नेहमीचे वाक्य. कंटाळलेला आणि कंटाळवाणा यांतला भेद मराठीत विद्यार्थ्याला पक्का ठाऊक असतो; इंग्रजीत तो शब्दाच्या शेपटीत दडला आहे, एवढेच त्याला दाखवायचे असते.

‘वाटणे’ हे क्रियापद तर स्वतंत्र विवेचनाचा विषय आहे. ‘मला भीती वाटते’ आणि ‘मला वाटते की हा निकाल चुकीचा आहे’ या दोहोंना मराठी एकच क्रियापद देते. इंग्रजी ‘फील’ आणि ‘थिंक’ असे दोन दरवाजे करते आणि कोणत्या दरवाजाने आलात ते पाहते. ‘आय फील’ने सुरू झालेल्या विधानाला तर्काचे वजन मिळत नाही, ती तुमची भावना, म्हणून बाजूला ठेवली जाते. मुलाखतीत, अर्जात, चर्चेत आमचा विद्यार्थी विचार मांडत असतो आणि समोरच्याला ती भावना वाटते. विचार आणि भावना यांना एका क्रियापदात नांदवणाऱ्या भाषेतून आलेल्याने त्यांची वाटणी कुठे आणि का करायची, हे शिकणे म्हणजे केवळ शब्दसंपत्ती वाढवणे नव्हे. तो एका वेगळ्या व्यवहाराचा कायदा शिकणे आहे.

तिसरी गोष्ट शरीराची. आमच्या भागातील बोलण्यात भावनेचे मुख्य स्थान हृदय नसून पोट, काळीज आणि जीव हे आहे. पोटात खड्डा पडतो, पोटात कालवाकालव होते, अपराध पोटात घातले जातात, लेकरासाठी पोट तुटते, आणि तळमळीने बोलणाऱ्याचे बोलणे पोटतिडकीचे असते. काळीज हा शब्द मटणाच्या दुकानात यकृताचा असतो, आणि आईच्या तोंडी तोच साऱ्या मायेचे घर होतो. जीव लावतात, जीव टांगणीला लागतो, जिवाला घोर लागतो. या सगळ्याला ‘हार्ट’ एवढे एकच नाव देऊन चालत नाही. विशेष म्हणजे हा देहाचा हिशेब आपल्या काव्यशास्त्राला परका नाही. भरताने आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले, आणि त्यांच्या जोडीला स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव सांगितले. विद्यार्थी परीक्षेसाठी ‘वेपथू म्हणजे कंप’ असे घोकतो, आणि घरी ‘हातपाय लटलटले’ म्हणतो. दोन्ही एकच आहेत हे त्याला कळले तर नाट्यशास्त्रही त्याचे होते आणि बोलीही लाजिरवाणी राहत नाही.

आता कोशांकडे वळू. जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली. तिच्यात साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. परक्या माणसाने आपल्या भावनांचे शब्द कसे शिकले याचा तो नमुना आहे. एखाद्या अवघड मराठी शब्दापाशी मोल्सवर्थ एका प्रतिशब्दावर थांबत नाही. तो छटा सांगतो, प्रसंग सांगतो, शब्द कशाला लागतो आणि कशाला लागत नाही ते सांगतो. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, हळहळ ही आपली नादमय मंडळी अशा धीरानेच परक्याच्या हाती लागतात. घडून गेलेल्याची ती रुखरुख, थोडक्यात हुकलेल्याची ती चुटपुट, दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलची ती हळहळ, आणि कशाची ते नीट सांगता येत नाही ती हुरहूर. पावणेदोनशे वर्षांनंतर आमचा विद्यार्थी उलट दिशेने तोच प्रवास करतो आहे. पण त्याच्या हातात मोल्सवर्थचा धीर नाही, मोबाइलवरचा एकेक प्रतिशब्द आहे. या चारही शब्दांच्या जागी त्याला मिळून-मिसळून ‘रिग्रेट’ किंवा ‘सॅड’ सापडते. परिणाम असा की इंग्रजी येत नाहीच, आणि पुढे मराठीतही तो चौघांना एकाच नावाने हाक मारू लागतो.

इथे मराठीच्या अभिमान्यांना, आणि आम्ही त्यांत मोडतोच, एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागेल. इंग्रजी शब्द आमच्या विद्यार्थ्यांना काही देतातही. ‘आय ॲम नॉट कम्फर्टेबल’ हे वाक्य घ्या. अवघडल्यासारखे होणे हा शब्दप्रयोग मराठीत आहे. पण वयाने, नात्याने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसासमोर ‘मला हे अवघड वाटते, थांबा’ असे म्हणण्याची परवानगी मराठीने मुलीला सहजी दिलेली नाही. भीड आडवी येते, आणि ‘भीड’ला इंग्रजीत शब्द नाही हे तिच्या पथ्यावर पडते. इंग्रजीत बोलताना ती भीडेच्या कक्षेबाहेर उभी असते. प्रेमाचेही तसेच. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य नाटकातले वाटते म्हणून मुले ‘आय लव्ह यू’चा आडोसा घेतात, गावच्या फलकावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या खाली मित्र ‘मिस यू भावा’ लिहितात. परकी भाषा हलकी असते, म्हणून जड गोष्ट तिच्यात उचलता येते.

या हलकेपणाला संशोधनाचाही आधार आहे. कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या त्वचेवरील सूक्ष्म बदल मोजले गेले. लहानपणी ऐकलेल्या धाटणीचे दटावणीचे शब्द इंग्रजीपेक्षा तुर्कीत अधिक झोंबतात, असे त्यात दिसले. ज्याँ-मार्क डेवाल यांनी बहुभाषिकांना ‘आय लव्ह यू’चे वजन कोणत्या भाषेत अधिक वाटते असे विचारले, तेव्हा सर्वांत मोठ्या गटाने पहिली भाषा सांगितली, पण सर्वांनी नव्हे. ज्यांचे आयुष्य, सहवास, प्रेम दुसऱ्या भाषेत घडले त्यांच्यासाठी तीही जड झाली होती. म्हणजे परक्या भाषेतला भावनेचा शब्द माणसांच्या सहवासात जड होत जातो. यादीतून तो जड होत नाही.

याचे आमच्या जिल्ह्यातले जुने उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचा जन्म १८६५ सालचा, कल्याणचा. मुरबाडकरांना आजही रेल्वेसाठी, बाजारासाठी जे कल्याण गाठावे लागते तेच. १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वीच न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा इंग्रजीतून पत्रव्यवहार सुरू झाला होता. न पाहिलेल्या त्या बाईंना आनंदीबाई पत्रांत ‘आंट’, म्हणजे मावशी म्हणू लागल्या. इंग्रजी पत्रलेखनाच्या पुस्तकात अनोळखी बाईसाठी हे संबोधन सापडणार नाही. जी माया त्यांना इंग्रजीत सांगायची होती तिच्यासाठी आपल्या घरातले नाते त्यांनी त्या भाषेत नेऊन बसवले. भावनांचे इंग्रजी शिकणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर कुठल्या संभाषण-कौशल्याच्या पुस्तकात आम्हाला आढळलेले नाही.

या उलट, रुजण्याऐवजी नुसते पसरणारे शब्दही आहेत. ‘टेन्शन’ हा त्यांतला मेरुमणी. परीक्षा, कर्ज, घरचे भांडण, प्रेमभंग, आजारपण, पावसाने दिलेली ओढ, सगळ्याचे ‘टेन्शन’. काळजी, धास्ती, धसका, घोर, चिंता, विवंचना यांच्यातल्या पायऱ्या त्याने सपाट केल्या. ‘डिप्रेशन’चेही तेच झाले. सामना हरलेला संघ डिप्रेशनमध्ये असतो आणि महिनाभर जेवणावरची वासना उडालेला मुलगाही डिप्रेशनमध्येच असतो. मग दुसऱ्याचे कोणी मनावर घेत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. ही सोय मोलाची आहे. पण फोनच्या या टोकाला असलेल्या मुलापाशी ‘टेन्शन आहे’ यापलीकडे शब्दच नसेल, तर त्या टोकाच्या माणसाने काय ऐकायचे? धसका कशाचा घेतला, घोर कोणाचा लागला, मनाला काय खाते, हे सांगता येणे ही साहित्याच्या विद्यार्थ्याची चैन नसून कोणाही माणसाची गरज आहे.

तेव्हा मराठीच्या तासाला काय करायचे? आमची सूचना साधी आहे. शब्दाला प्रतिशब्द देण्याऐवजी शब्दाला प्रसंग द्यावा, आणि त्यासाठी नवे साधन शोधत बसू नये. भावना कोणामुळे, कशामुळे जागी झाली हा विभाव. ती बाहेर कशी दिसली हा अनुभाव. तिच्याबरोबर आणखी काय काय येऊन गेले हे व्यभिचारी भाव. रसचर्चेत आपण वर्षानुवर्षे शिकवतो ती ही त्रयी कोणत्याही भाषेतील कोणत्याही भावनाशब्दाला लावता येते. ॲना व्हिएर्झबित्स्का यांनी १९९९च्या आपल्या ग्रंथात भावनांचे शब्द साध्यासोप्या संकल्पनांत आणि छोट्या प्रसंगकथांत मांडून दाखवले; त्यांची पद्धत वाचताना आम्हाला आपला विभावविचारच आठवत राहिला.

एक नमुना देतो. मुरबाडहून कल्याणला निघालेली एस. टी. आहे. कंडक्टर समोर येतो आणि पाकीट घरी राहिल्याचे लक्षात येते. शेजारी ओळखीचे कोणी नाही. इथे माणूस ओशाळतो, हे ‘एम्बॅरस्ड’. आता शेजारची म्हातारी आपल्या गाठीचे पैसे काढून तिकीट घेते, आणि तिला ते परत करायचे राहूनच जाते. इथे मनाला खाते, हे ‘गिल्टी’. तिसऱ्या प्रसंगी माणूस मुद्दामच पैसे नाहीत म्हणतो आणि त्याचा खोटेपणा गाववाल्यांसमोर उघडा पडतो. ही लाज, ‘अशेम्ड’. वर्गात एवढे बोलणे झाले की विद्यार्थीच पुढचे प्रश्न विचारतात. नव्या नवरीची लाज यांतल्या कोणत्या घरात बसते? कोणत्याच नाही, कारण ती लाज दोषाची नाही. तिच्यासाठी इंग्रजीत ‘शाय’च्या दाराशी जावे लागते. अशाच रीतीने मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत मैत्रिणीला नोकरी लागली म्हणून वाटणारा हेवा, जो ‘तुझा हेवा वाटतो गं’ असा तोंडावर प्रेमाने सांगता येतो, आणि तोंडावर कधीच न सांगता येणारा मत्सर, यांतून ‘एन्व्ही’च्या दोन बाजू दिसतात. आपले माणूस दुसऱ्याचे होईल या भयातून येणारी ‘जेलसी’ मग आपोआप वेगळी पडते.

यातून इंग्रजीविषयीचा अकारण दराराही कमी होतो. ‘एम्पथी’ हा आज प्रत्येक प्रशिक्षणवर्गात ऐकू येणारा शब्द घ्या. तो इंग्रजीत अनादी काळापासून नव्हता. १९०९ साली एडवर्ड टिचनर यांनी एका जर्मन संज्ञेसाठी तो घडवला. म्हणजे इंग्रजीलाही अडले होते, आणि तिने शब्द घडवला. आपल्याकडे न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याचा आनंद असे तिचे सार सांगता येईल. ती कल्पना साहित्यानंदाच्या संदर्भातली होती हे खरे, पण दया, कीव, कणव आणि सहानुभूती यांहून ‘एम्पथी’ कशी निराळी हे समजावून सांगायला तिच्याइतकी सोयीची वाट दुसरी नाही. केळकर शिकवायचे मराठीच्या अभ्यासक्रमात आणि ‘एम्पथी’ शिकवायची कौशल्यविकासाच्या कार्यशाळेत, या विभागणीने दोन्हीकडे नुकसान केले आहे.

या मागणीवरचे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. इंग्रजीचे काही अध्यापक म्हणतील की भाषा शिकायची तर तिच्यातच विचार करावा, मातृभाषेची कुबडी नको. आम्ही कुबडी देत नाही, तुलना देतो. आणि तुलना ही विद्यार्थी मनातल्या मनात करतच असतो, ती फक्त उजेडात आणायची आहे. मराठीचे काही अध्यापक म्हणतील की उरलेसुरले तासही इंग्रजीला दिले तर मराठीचे काय? त्यांना आमचे सांगणे असे की ‘चुटपुट’ आणि ‘रुखरुख’ यांतला भेद विद्यार्थ्याने स्वतःहून शोधावा असे निमित्त आजच्या काळात आम्हाला दुसरे दिसत नाही. वेळ आणि अभ्यासक्रम यांची अडचण खरी आहे. पण रसचर्चा, शैलीविचार आणि भाषांतर हे घटक या ना त्या रूपात शिकवले जातातच, त्यांतली काही उदाहरणे बदलायला कोणाची मंजुरी लागत नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही स्वतःवरच घेऊ. आम्ही ‘घरचा शब्द’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा मराठीचाच असतो. ठाकरी आणि कातकरी बोलणाऱ्या घरांत न करमण्याला, रुसण्याला, धास्तीला काय म्हणतात, त्यात आणखी कोणत्या छटा आहेत, हे त्या घरांतून आलेले विद्यार्थीच अधिकाराने सांगू शकतात. त्यांचे शब्द त्यांच्या वतीने आम्ही गोळा करून छापावेत असे आम्हाला वाटत नाही. वर्गाच्या फळ्यावर तीन रकाने आखावेत, पहिला घरच्या बोलीचा, दुसरा मराठीचा, तिसरा इंग्रजीचा, आणि पहिला रकाना भरण्याचे काम त्यांचे असावे. त्या रकान्यात असे शब्द येतील की ज्यांच्यापुढे मराठीचा रकानाही कोरा ठेवावा लागेल. तो कोरा रकाना पाहणे मराठीच्या अध्यापकांनाही आवश्यक आहे, आणि कोणत्या विद्यापीठाने तो अभ्यासक्रमात घालावा याची वाट न पाहता येत्या सत्रापासून फळ्यावर आखता येण्याजोगा आहे.